एक मतदारसंघ, सहा प्रतिनिधी : वेल्सच्या विधिमंडळाची नवी रचना

विद्यार्थी मित्रांनो, मतदारसंघ म्हणजे काय हे आपण सामाजिक विज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. ठरावीक प्रदेश, तेथील मतदार आणि त्यांनी निवडून दिलेला एक प्रतिनिधी. लोकसभेला आणि विधानसभेला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. पण घरी आई-बाबांना विचारून पाहा, "आपल्या वॉर्डाचे नगरसेवक कोण?" बरोबर उत्तर द्यायचे तर त्यांना चार नावे सांगावी लागतील. बडोदे महानगरपालिकेच्या २०१५ आणि २०२१ च्या निवडणुकांत शहराचे १९ वॉर्ड होते आणि प्रत्येक वॉर्डातून चार, असे एकूण ७६ नगरसेवक निवडून आले. म्हणजे बहुसदस्यीय मतदारसंघ आपल्या दाराशीच आहे. आपण त्याचा फारसा विचार करत नाही, एवढेच.

एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडायचे ठरले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. मते मोजायची कशी? जागा किती, हा अर्धाच प्रश्न आहे. त्या जागा मतांच्या कोणत्या हिशेबाने वाटायच्या, हा उरलेला अर्धा. या दुसऱ्या अर्ध्याचे महत्त्व समजून घ्यायला आम्ही या अंकात एक दूरचे उदाहरण घेतले आहे. ते आहे ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स या छोट्या देशाचे. तेथे विधिमंडळाची संपूर्ण रचना बदलून प्रत्येकी सहा सदस्यांचे १६ नवे मतदारसंघ तयार करण्यात आले. त्यांपैकी एकाची, 'ग्विनेध माल्डविन' या मतदारसंघाची, ओळख आपण करून घेऊ.

वेल्स आणि त्याची सेनेध

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून युनायटेड किंगडम होते, हे आपल्याला ठाऊक आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्सची लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती. २०११ च्या जनगणनेत, छोटा उदेपूर वेगळा होण्याआधीच्या आपल्या एकट्या बडोदे जिल्ह्याची लोकसंख्या ४१ लाखांवर होती. यावरून वेल्सच्या आकाराची कल्पना यावी. या देशाची स्वतःची भाषा आहे, वेल्श. ती इंग्रजीहून वेगळ्या भाषाशाखेतील आहे. २०२१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी, म्हणजे तीन वर्षांवरील लोकसंख्येपैकी १७.८ टक्के लोकांनी, आपल्याला वेल्श बोलता येते असे नोंदवले.

सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या काळात वेल्स कायद्याने इंग्लंडला जोडले गेले. त्यानंतर सुमारे साडेचारशे वर्षे वेल्सचे सर्व कायदे लंडनच्या संसदेतच होत. स्वतःची विधानसभा हवी का, असा प्रश्न १९७९ साली जनतेला विचारला गेला, तेव्हा मोठ्या बहुमताने 'नको' असे उत्तर आले. १९९७ साली पुन्हा विचारले गेले. या वेळी ५०.३ टक्के लोकांनी 'हवी' म्हटले. दोन्ही बाजूंच्या मतांतला फरक होता केवळ ६,७२१. एवढ्या निसटत्या कौलावर १९९९ मध्ये ६० सदस्यांची वेल्श असेंब्ली सुरू झाली. २०११ च्या सार्वमतात ६३.५ टक्के लोकांनी तिला अधिक कायदे करण्याचा अधिकार दिला. मे २०२० मध्ये तिचे नाव बदलून 'सेनेध कम्री' म्हणजे वेल्सची संसद असे झाले. कम्री हे वेल्सचे वेल्श भाषेतील नाव. सेनेधची इमारत राजधानी कार्डिफ येथे समुद्रकाठी आहे.

आमच्या वरच्या वर्गांतील मुलांना एक गोष्ट नक्की आवडेल. २०२१ पासून सेनेधच्या निवडणुकीत १६ वर्षे पूर्ण झालेल्यांना मतदान करता येते. आपल्याकडे मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले ते १९८९ मध्ये, ६१ व्या घटनादुरुस्तीने.

साठांचे शहाण्णव कशासाठी?

जुन्या पद्धतीत साठ सदस्यांपैकी ४० जण आपल्यासारखेच एका मतदारसंघातून एक, असे निवडून येत. उरलेले २० जण पाच मोठ्या विभागांतून, प्रत्येकी चार, पक्षांच्या याद्यांमधून घेतले जात. मतदाराला दोन मते असत, एक उमेदवाराला आणि एक यादीला.

पण असेंब्लीचे अधिकार वाढत गेले, कर आणि कायदे यांचे काम वाढले, आणि सदस्य मात्र साठच राहिले. मंत्री आणि सभापती वगळले तर सरकारला प्रश्न विचारायला, समित्यांवर बसायला आणि प्रत्येक कायद्याचे कलम न् कलम वाचायला पन्नासच्या आतबाहेर माणसे उरत. तुलनेसाठी पाहा, स्कॉटलंडच्या संसदेत १२९ सदस्य आहेत, आणि वेल्सहून लहान असलेल्या उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत ९०.

८ मे २०२४ रोजी सेनेधने नवा कायदा संमत केला. अशा बदलाला दोन तृतीयांश, म्हणजे ६० पैकी किमान ४० मते लागतात. बाजूने ४३ आणि विरोधात १६ मते पडली. या कायद्याने सदस्यसंख्या ९६ केली, पाच वर्षांची मुदत चार वर्षांवर आणली, उमेदवार वेल्सचाच रहिवासी असला पाहिजे अशी अट घातली, आणि जुनी दुहेरी पद्धत काढून टाकून १६ मतदारसंघ व प्रत्येकी सहा सदस्य अशी रचना ठरवली. तिची पहिली निवडणूक ७ मे २०२६ ची.

९६ सदस्य म्हणजे सुमारे ३२ हजार लोकांमागे एक. आपल्या गुजरातेत १८२ आमदार आहेत. २०११ च्या लोकसंख्येने हिशेब केला तर एका आमदारामागे सुमारे ३ लाख ३२ हजार लोक येतात. गोव्याच्या विधानसभेत ४० आमदार आहेत आणि तेथे त्याच हिशेबाने एका आमदारामागे सुमारे ३६ हजार. लहान राज्यांत प्रतिनिधी जवळ असतो, तो असा.

दोन मतदारसंघांची एक जोडी

नवे १६ मतदारसंघ आखण्याचे काम वेल्सच्या लोकशाही व सीमा आयोगाकडे होते. कायद्याने त्यांना सोपे पण काटेकोर सूत्र दिले होते. लंडनच्या संसदेसाठी २०२४ पासून वेल्सचे ३२ मतदारसंघ आहेत. त्यांच्या शेजारी-शेजारी असलेल्या जोड्या लावा आणि १६ करा. ऐकायला हे कोडे सोपे वाटते. पण एक जोडी लावली की शेजारच्याचा जोडीदार जातो, आणि एखादा मतदारसंघ कोपऱ्यात एकटा राहतो. आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये पहिला मसुदा लोकांपुढे ठेवला, हरकती मागवल्या, त्यांचा विचार करून सुधारित मसुदा काढला, आणि मार्च २०२५ मध्ये अंतिम निर्णय जाहीर केला.

'ग्विनेध माल्डविन' ही अशीच एक जोडी. 'ड्विवॉर मेरियोनिध' आणि 'माँटगमरीशायर व ग्लिंडूर' या दोन मतदारसंघांपासून ती झाली. नकाशात पश्चिमेला समुद्रात शिरलेले लीन द्वीपकल्प आहे. तेथून पूर्वेकडे निघाले की पाटीच्या दगडाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले ब्लायनाय फेस्टिनिओग लागते. त्या प्रदेशातील पाटीच्या खाणींचा परिसर २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतला. पुढे बाला, डॉलगेथ्लाय ही डोंगरांतील गावे, मग माखुन्लेथ, आणि शेवटी इंग्लंडच्या हद्दीजवळची न्यूटाउन आणि वेल्शपूल. समुद्रापासून सीमेपर्यंत, देशाच्या संपूर्ण रुंदीभर पसरलेला हा एकच मतदारसंघ आहे.

भाषेच्या दृष्टीने पाहिले तर या जोडीतील दोघे एकमेकांहून फार वेगळे आहेत. पश्चिमेकडील ग्विनेध परगण्यात २०२१ मध्ये ६४.४ टक्के लोक वेल्श बोलणारे होते. बाजारात, शाळेत, कचेरीत तेथे वेल्शच ऐकू येते. पूर्वेकडील माँटगमरीशायर ज्या पॉविस परगण्यात मोडते, तेथे हे प्रमाण १६.४ टक्के होते. म्हणजे एका टोकाला वेल्श बोलणारे बहुसंख्य आणि दुसऱ्या टोकाला तेच अल्पसंख्य. अशा प्रदेशाला एकच प्रतिनिधी दिला असता तर तो कोणत्या तरी एका टोकाचा झाला असता आणि दुसरे टोक बहुधा नाराज राहिले असते. सहा प्रतिनिधी असले की दोन्ही टोकांना जागा मिळण्याची शक्यता निर्माण होते. शक्यता असे आम्ही मुद्दाम म्हणतो, कारण ती खरी होईल की नाही हे मतांच्या मोजणीवर ठरते.

पाण्याखाली गेलेले गाव

संख्येचा प्रश्न तेथील लोकांना इतका जिव्हाळ्याचा का वाटतो, हे समजायला याच मतदारसंघातील एक जुनी घटना सांगितली पाहिजे. बाला गावाजवळच्या त्रावेरिन नदीच्या खोऱ्यात कापेल केलिन नावाचे छोटे गाव होते. सगळे गाव वेल्श बोलणारे. तेथे शाळा होती, पोस्ट होते, प्रार्थनामंदिर होते, शेते होती. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते. त्या शहराने वेल्समधील स्थानिक संस्थांची परवानगी घेण्याऐवजी थेट लंडनच्या संसदेतून १९५७ मध्ये कायदा करून घेतला. तेव्हा संसदेत ६३० खासदार होते आणि त्यांत वेल्सचे ३६. त्या ३६ पैकी एकानेही कायद्याच्या बाजूने मत दिले नाही. तरीही कायदा झाला. १९६५ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले आणि शाळेसह सारे गाव पाण्याखाली गेले. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या नगरपालिकेने या घटनेबद्दल माफी मागितली.

गावाची बाजू मांडणारे खासदार होते. पण सभागृहात त्यांची संख्या इतकी थोडी होती की सगळे एका बाजूला उभे राहूनही काही फरक पडला नाही. वेल्सची स्वतःची संसद हवी या मागणीला या घटनेने मोठे बळ दिले. आता तीच संसद मोठी होताना तेथील लोकांनी स्वतःलाच तो प्रश्न विचारला आहे. आपल्या सभागृहात, आपल्यापैकी जे थोडे आहेत, त्यांचे मत मोजले जाईल का?

नाव एकाच भाषेत

'ग्विनेध माल्डविन' हे नाव पूर्णपणे वेल्श आहे. माल्डविन हे माँटगमरीचे वेल्श नाव, आणि ते बाल्डविन या नॉर्मन सरदाराच्या नावावरून आले. नव्या सोळाही मतदारसंघांना फक्त वेल्श नावे दिली आहेत. कार्डिफच्या दोन मतदारसंघांच्या नावात 'कायरदीध' आहे आणि न्यूपोर्टच्या नावात 'कासनेविध'. दोन्ही भाषांत चालेल असे एकच नाव असावे, असा कायद्याचा कल होता. ज्या भागांत वेल्श फारशी बोलली जात नाही तेथील काहींनी त्यावर नाराजी दाखवली. 'आमच्या गावाचे नाव आम्हालाच उच्चारता येणार नाही' असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ही गावांची मूळचीच नावे आहेत.

आपल्या वाचकांना या वादाचे दोन्ही पदर कळतील. आपल्या शहराचे अधिकृत नाव वडोदरा आहे, जुन्या इंग्रजी कागदांत बरोडा आहे, आणि आपण घरात बडोदे म्हणतो. तिन्ही नावे एकाच गावाची, आणि तिन्हींमागे माणसे आहेत.

एक गंमत सांगायला हवी. जोडीतील एका जुन्या मतदारसंघाच्या नावात 'ग्लिंडूर' होते, ते नव्या नावातून गळाले. ओवाइन ग्लिंडूर हा इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेला वेल्सचा सरदार. त्याने १४०४ मध्ये वेल्सची संसद भरवली ती याच मतदारसंघातील माखुन्लेथ गावी. नाव गेले, तरी तो इतिहास या मतदारसंघाच्या पोटातच राहिला.

सहा जागा कशा वाटतात?

आता मुख्य भागाकडे वळू. ग्विनेध माल्डविनमधील मतदाराला मत एकच. मतपत्रिकेवर पक्षांची नावे असतात आणि प्रत्येक पक्षाखाली त्याच्या उमेदवारांची यादी, जास्तीत जास्त आठ नावांची. मतदार एका पक्षासमोर, किंवा एखाद्या अपक्षासमोर, फुली मारतो. यादीतील नावांचा क्रम पक्षाने आधीच ठरवलेला असतो. पक्षाला दोन जागा मिळाल्या तर यादीतील पहिले दोन निवडून येतात.

जागा वाटण्याची रीत बेल्जियमचे कायदेपंडित व्हिक्टर डी हाँट यांनी १८७८ मध्ये मांडली. तिला त्यांचेच नाव आहे. रीत अशी. प्रत्येक पक्षाची मते लिहा. ज्याची सर्वांत जास्त, त्याला पहिली जागा. एक जागा मिळाली की त्या पक्षाच्या मतांना दोनने भागा. आता पुन्हा पाहा, सर्वांत मोठा आकडा कोणाचा? त्याला दुसरी जागा. पक्षाला दोन जागा मिळाल्या की मूळ मतांना तीनने भागायचे, तीन मिळाल्या की चारने. सहा जागा संपेपर्यंत हेच.

एक काल्पनिक उदाहरण सोडवू. एकूण मते ९६,०००. 'अ' पक्षाला ३६,०००, 'ब' ला २८,०००, 'क' ला १६,०००, 'ड' ला ११,००० आणि 'इ' ला ५,०००.

पहिली जागा 'अ' ला, ३६,००० वर. त्याचे आता १८,००० राहिले.
दुसरी 'ब' ला, २८,००० वर. त्याचे आता १४,०००.
तिसरी पुन्हा 'अ' ला, १८,००० वर. ३६,००० ला तीनने भागून आता १२,०००.
चौथी 'क' ला, १६,००० वर. त्याचे आता ८,०००.
पाचवी 'ब' ला, १४,००० वर. २८,००० ला तीनने भागून आता ९,३३३.
सहावी 'अ' ला, १२,००० वर. 'ड' चे ११,००० थोडक्यात हुकले.

निकाल असा. 'अ' ला तीन, 'ब' ला दोन, 'क' ला एक. 'अ' कडे ३७.५ टक्के मते होती, त्याला निम्म्या जागा मिळाल्या. म्हणजे ही पद्धत मोठ्या पक्षाला थोडी झुकते माप देते आणि 'ड', 'इ' सारख्यांना बाहेर ठेवते. सहा जागांच्या मतदारसंघात सातव्या हिश्श्याहून, म्हणजे सुमारे १४.३ टक्क्यांहून अधिक मते असली की एक जागा नक्की मिळते. त्याखाली मग इतरांची मते कशी विभागली यावर अवलंबून.

हीच मते, बडोद्याच्या पद्धतीने

बडोद्याच्या वॉर्डात चार जागा असतात, त्यांपैकी दोन महिलांसाठी राखीव, आणि मतदाराला मतेही चार. बहुतेक मतदार आपल्या आवडीच्या पक्षाच्या चौघांना चार मते देतात. त्याला आपण 'पॅनल' म्हणतो. आता वरचे उदाहरण या पद्धतीने करून पाहा. सहा जागा, प्रत्येकाला सहा मते, आणि प्रत्येकाने आपल्या पॅनलला ती दिली. 'अ' च्या सहाही उमेदवारांना ३६,००० मते, 'ब' च्या सहाही जणांना २८,०००. निकाल? सहाच्या सहा जागा 'अ' ला. उरलेल्या ६०,००० मतदारांचा एकही प्रतिनिधी नाही. मते तीच, जागा तेवढ्याच, मतदारसंघ तोच. बदलली ती फक्त मोजणी.

प्रत्यक्षातही असे घडते. आपल्या महानगरपालिकेच्या २०२१ च्या निवडणुकीत ७६ पैकी ६९ जागा एका पक्षाला आणि ७ दुसऱ्याला मिळाल्या. कोणता पक्ष चांगला वा वाईट, हा आमच्या लेखाचा विषय नाही. ज्या पक्षाला जास्त मते पडली तो जिंकला, हे योग्यच झाले. पण पॅनल पद्धतीत विजय आणि जागा यांतले अंतर किती वाढते, हे त्यातून दिसते.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने लोकसभेसाठीही बहुसदस्यीय मतदारसंघांत मतदान केले आहे, हे अनेकांना ठाऊक नसेल. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ४८९ जागांसाठी ४०१ मतदारसंघ होते. त्यांतील ८६ मतदारसंघांतून दोन-दोन आणि एकातून तीन खासदार निवडले गेले. द्विसदस्यीय मतदारसंघातील एक जागा अनुसूचित जाती वा जमातीसाठी राखीव असे. १९६१ च्या कायद्याने ही रीत बंद झाली आणि राखीव जागांचे स्वतंत्र मतदारसंघ झाले. प्रमाणशीर प्रतिनिधित्वही आपल्याला नवीन नाही. राज्यसभेचे सदस्य निवडताना आमदार पसंतीक्रम लिहून मत देतात, ते त्याच तत्त्वावर.

टीका काय आहे?

वेल्समध्ये सगळेच खूश आहेत असे नाही. पहिली तक्रार खर्चाची. ३६ सदस्य वाढले म्हणजे त्यांचे पगार, कचेऱ्या, सभागृहातील आसने, सारेच वाढले. हा पैसा रुग्णालयांना का नको, असे विचारले गेले.

दुसरी तक्रार अधिक मूलभूत आहे. मत पक्षाला द्यायचे, माणसाला नाही. यादीतला पहिला उमेदवार आवडत नाही पण तिसरा आवडतो, तर तसे सांगण्याची सोय नाही. क्रम पक्षाच्या हाती. एखादी जागा मध्येच रिकामी झाली तर पोटनिवडणूक होत नाही. यादीतील पुढचे नाव वर येते. यादीच संपली असेल किंवा गेलेला सदस्य अपक्ष असेल, तर पुढच्या निवडणुकीपर्यंत जागा रिकामी राहते.

तिसरी तक्रार अंतराची. ग्विनेध माल्डविनसारख्या डोंगराळ आणि विस्तीर्ण मतदारसंघात 'माझा प्रतिनिधी कोण?' याला सहा उत्तरे आहेत. काम कोणाकडे न्यायचे, आणि काम झाले नाही तर जाब कोणाला विचारायचा? आपल्या वॉर्डातील चार नगरसेवकांबाबत हा अनुभव बऱ्याच पालकांना असेल. एकाकडे गेले की तो दुसऱ्याचे नाव सांगतो. मात्र याला दुसरी बाजूही आहे. चौघे किंवा सहाही जण एकाच पक्षाचे नसतील तर एकाने नाही ऐकले तरी दुसऱ्याकडे जाता येते, आणि एकमेकांच्या कामावर त्यांचे लक्षही राहते.

आम्हाला या तक्रारी खऱ्या वाटतात. प्रत्येक पद्धतीत काही मिळते आणि काही सोडावे लागते. एका प्रतिनिधीच्या पद्धतीत ओळख आणि जबाबदारी स्पष्ट असते, पण हरलेल्यांचे मत वाया जाते. पॅनल पद्धतीत काम करणारे हात वाढतात, पण बहुधा एकाच बाजूचे. याद्यांच्या पद्धतीत थोड्यांनाही जागा मिळते, पण निवडीचा अधिकार काही अंशी पक्षाकडे जातो. यांपैकी काय सोडायला आपण तयार आहोत, हे ज्याच्या त्याच्या समाजाने ठरवायचे.

आपल्यासाठी यात काय?

पालक आणि विश्वस्त मंडळींना आम्ही एक गोष्ट आदरपूर्वक सुचवू इच्छितो. बडोद्यातील मराठी समाज पिढ्यान् पिढ्या येथे राहिला तो संस्थांच्या आधारावर. मंडळे, वाचनालये, पतपेढ्या, शाळांच्या समित्या, सोसायट्या. या संस्थांच्या निवडणुका पुष्कळदा पॅनल पद्धतीनेच होतात. जितक्या जागा तितकी मते. चाळीस टक्के सभासदांचे पॅनल हरले की समितीत त्यांचे कोणीही नसते. मग ते पुढच्या सभेला येत नाहीत, वर्गणी उशिरा भरतात, आणि एक दिवस संस्थेपासून दूर होतात. संख्येने थोड्या असलेल्या समाजाला आपली माणसे अशी गमावणे परवडत नाही. संस्थेच्या घटनेत मोजणीची रीत काय लिहिली आहे, हे एकदा काढून वाचावे. ती बदलावीच असा आमचा आग्रह नाही. पण ती ठाऊक असावी आणि तिच्यावर मोकळी चर्चा व्हावी.

विद्यार्थी मित्रांसाठी एक गृहपाठ. आठवी ते दहावीच्या वर्गांनी स्नेहसंमेलनासाठी सहा जणांची समिती दोन रीतींनी निवडून पाहावी. वर्गात ४८ मुले आहेत असे धरा. चार गटांनी आपापल्या याद्या दिल्या आणि त्यांना अनुक्रमे १९, १३, ९ आणि ७ मते पडली. पॅनल पद्धतीने सहाही जागा पहिल्या गटाला जातील. डी हाँट पद्धतीने किती कोणाला? आधी स्वतः भागाकार करा, मगच पुढे वाचा.

उत्तर असे. पहिल्या गटाला दोन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला एक. सात मुलांच्या चौथ्या गटालाही समितीत एक जागा मिळाली. आता वर्गात बसून यावर बोला. पहिल्या गटाला सर्वांत जास्त मते पडूनही समितीत त्याचे बहुमत नाही, हे बरोबर झाले का? समितीचे काम यामुळे सोपे होईल की अवघड? दोन्ही बाजूंनी बोलणारी मुले निघतील, आणि तीच या गृहपाठाची खरी कमाई. आपल्या वर्गाचे म्हणणे एका पानात लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. निवडक लेखन आम्ही पुढच्या अंकात छापू.